प्राइम लेन्स भाड्याने आणली, आता नेमकं काय तपासायचं?

भाड्याची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स हातात आली की आपण सगळे काय करतो, तर ती कॅमेऱ्याला लावतो, एफ १.४ वर टाकतो, म्हणजे आतलं भोक (अपर्चर) पूर्ण उघडतो, काउंटरमागच्या पोराच्या तोंडावर फोकस करतो, मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं आणि आपण म्हणतो वा, हीच घेऊया. मी पण हेच केलंय, एकदा नाही तीनदा, आणि तीनही वेळा लेन्सचा खरा स्वभाव लग्नाच्या दिवशी कळला, म्हणजे जेव्हा काहीच करता येत नाही तेव्हा.

मी गोव्यात फोंड्याकडे असतो, लग्नं, मुंजी, देवळातले कार्यक्रम, मधेमधे किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे छोटे व्हिडिओ, असं काम. कोणी विचारलं की कुठली प्राइम घेऊ, तर मी सांगतो आधी दोन दिवस भाड्याने आण आणि हलवून बघ. हलवून म्हणजे लेन्स नाही रे, फोकस. फोटोला लेन्स एका क्षणापुरती चांगली दिसली तरी भागतं, व्हिडिओत ती फोकस बदलताना कशी वागते, उजेड बदलला की कशी वागते आणि दुसऱ्या लेन्सच्या शॉटला कट मारल्यावर परकी वाटते का, यावर सगळं ठरतं. शार्पनेस मी सगळ्यात शेवटी बघतो. फोर-के फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जेमतेम ८ मेगापिक्सेल, आणि लोक ४५ मेगापिक्सेलच्या फोटो कॅमेऱ्यावर कोपरे झूम करून भांडत असतात, त्यातला बराचसा फरक आपल्या फ्रेममध्ये उतरतच नाही.

आधी कुठली आणायची ते

हे तुमचं जुनं फुटेज सांगेल. २४-७० झूमवर काम करत असाल तर पुढच्या एखाद्या छोट्या कामाला, बारसं वगैरे, झूम रिंगला कागदी टेप लावून ३५ मिलीमीटरवर अडकवून टाका आणि सगळं तसंच शूट करा. पाय दुखतील, दोन-तीनदा शिव्या घालाल, पण घरी येईपर्यंत कळलेलं असेल की ३५ पुरते की नाही.

एक हिशोब मात्र पाठ करून ठेवा, मला फार उपयोगी पडतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलीमीटर रुंद असतो, त्यामुळे ३५ च्या लेन्सने जितकं अंतर तितकीच रुंदी फ्रेममध्ये येते. दहा फुटांवर उभे असाल तर साधारण दहा फूट दिसणार. ५० ने त्याच जागेवरून सात फूट, ८५ ने चार फूट, २४ ने पंधरा फूट. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर तिथे २४ ची लेन्स हे ३५ चं काम करते. आता चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला कोणाच्या घरी गेलात, देवाची खोली दहा बाय बारा, वर माटोळी (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगतात ती) बांधलेली, सगळं कुटुंब आरतीला उभं आणि घुमट वाजवणारे दाराशी, तर तिथे ५० घेऊन गेलात की तुम्हाला गणपती मिळेल नाहीतर माटोळी, दोन्ही नाही. माटोळीचं अजून एक आहे, तिची लाकडी चौकट सरळ असते, त्यामुळे वाइड लेन्स रेषा किती वाकवते ते लगेच उघडं पडतं. चवथ लांब असेल तर कंपाउंडची चिऱ्यांची भिंत बघा, चिऱ्यांच्या ओळी सरळ असतात, समोर बरोबर मध्ये उभं राहून शूट करा, फुगीर दिसली की समजा.

काउंटरवरच

लेन्स पिशवीत टाकायच्या आधी पाच मिनिटं घ्या, लाजू नका. मोबाइलची टॉर्च मागून मारून पुढून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा कशी असते माहितीय, कपाटातले चामड्याचे बूट पण हिरवे होतात, लेन्सचं काय घेऊन बसलात. थोडी धूळ असली तर चालते, ती शॉटमध्ये येत नाही. मग अपर्चर बंद-उघड करून पात्यांवर तेल आलंय का बघा, माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यात अडकते ती कडी, हलतोय का, फोकस रिंग मध्येच कुठे जड होते का. असलेले ओरखडे दुकानदारासमोर मोबाइलवर शूट करून ठेवा, तारखेसकट. एकदा माझ्या डिपॉझिटमधून अशाच एका जुन्या ओरखड्याचे पैसे कापले गेले, आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

दुसऱ्या माउंटची लेन्स बसवायला अडॅप्टर लागणार असेल तर तोच अडॅप्टर त्यांच्याकडून घ्या जो शूटला वापरणार. कॅननची जुनी ईएफ लेन्स सेन्सरपासून ४४ मिलीमीटरवर बसते आणि सोनीचा ई माउंट १८ मिलीमीटरवर, म्हणून मध्ये २६ मिलीमीटरचा अडॅप्टर मावतो, उलटं होत नाही. स्वस्त अडॅप्टर केसभर जाड निघाला की लेन्स लांबच्या वस्तूवर फोकसच होत नाही. तपासायला सोपी जागा म्हणजे पणजीत कांपालच्या बाजूने मांडवीपलीकडचा रेईश मागूश किल्ला, रिंग शेवटपर्यंत फिरवा आणि भिंतीच्या कडा स्पष्ट होतात का बघा. जवळचे क्लोजअप मस्त आणि किल्ला धूसर असेल तर दोष लेन्सचा नाही, अडॅप्टरचा.

कॅमेरा बांधून ठेवा

टेस्ट करताना कॅमेरा स्वतःची अक्कल चालवणार नाही असं करायचं. २५ फ्रेम, शटर १/५०, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची म्हणून ट्यूबलाइट लुकलुकत नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढा, ५६०० वर ठेवा, घरात बल्ब असेल तर ३२००, पण सगळ्या लेन्सना तोच. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ऑटो नको. मेनूत लेन्स करेक्शन असतं ते एकदा बंद करून आणि एकदा चालू करून घ्या, कारण कॅमेरा बरेचदा लेन्सचे वाकडेपण, काळे कोपरे गुपचूप झाकत असतो. सोनीच्या काही कॅमेऱ्यांत ब्रीदिंग कॉम्पेन्सेशन म्हणून असतं (फोकस सरकताना चित्र मोठं-लहान होतं ते झाकणारं), ते पण बंद, नाहीतर जे बघायला आलोय तेच दिसणार नाही. ट्रायपॉड घ्या. आणि जुनी मॅन्युअल लेन्स लावली असेल, जिला कॅमेऱ्याशी बोलता येत नाही, तर स्टेबिलायझेशनच्या (हाताचा हलका धक्का झाकणारं) मेनूत फोकल लेन्थ हाताने भरा. ८५ लावून तिथे २४ राहिली तर बॉडीचं स्टेबिलायझेशन चुकीच्या मापाने काम करतं आणि हातातला शॉट विचित्र डुलतो, मी हे एक अख्खी दुपार लेन्सचा दोष समजत बसलो होतो.

प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कागदाची चिठ्ठी धरा, ३५, एफ २, करेक्शन बंद, असं लिहून. कंटाळा येतो पण रात्री टाइमलाइनवर चाळीस क्लिप एकसारख्या दिसतात तेव्हा चिठ्ठीच वाचवते.

अंतरपाटाची टेस्ट

ही माझी सगळ्यात आवडती आणि खरं सांगायचं तर एवढी एकच केली तरी चालेल. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट खाली येतो आणि तुम्हाला नवरीच्या चेहऱ्यावरून नवऱ्याच्या चेहऱ्यावर फोकस न्यायचा असतो. दोन सेकंद. परत मिळत नाही. घरी दोन खुर्च्या ठेवा, एक दीड मीटरवर, दुसरी तीन मीटरवर थोडी बाजूला, दोघांना बसवा, घरात कोणी तयार नसेल तर एका खुर्चीवर उशी आणि उशीवर वर्तमानपत्र. लेन्स एफ २ वर. आता पहिल्यावरून दुसऱ्यावर फोकस न्या, सावकाश, मग पटकन, मग परत, दहा वेळा.

तीन गोष्टी बघायच्या. पहिली, फ्रेम श्वास घेते का, म्हणजे फोकस सरकताना चित्र थोडं मोठं-लहान होतं का. फ्रेमच्या कडेला दाराची चौकट ठेवा, ती आत-बाहेर सरकली की ब्रीदिंग आहे. फोटोसाठी बनवलेल्या बऱ्याच स्वस्त ५० मध्ये हे भरपूर असतं आणि फोटोवाल्याला त्याचं काही पडलेलं नसतं. आपल्याला मात्र नवरीवरून नवऱ्यावर जाताना मंडपच पुढे सरकल्यासारखा वाटतो.

दुसरी, रिंग किती फिरवावी लागते. सिने लेन्सची, म्हणजे खास व्हिडिओ-सिनेमासाठी बनवलेल्या लेन्सची रिंग २०० अंशांच्या पुढे फिरते, काही २७० किंवा ३०० पर्यंत, त्यामुळे अलगद नेता येतं पण एका हाताने एका दमात होत नाही, मनगट संपतं, फॉलो फोकस (रिंगला गिअरने जोडलेलं चाक) लागतो. ऑटोफोकसच्या लेन्समध्ये रिंगचा काचेशी थेट संबंधच नसतो, रिंग मोटरला नुसता निरोप देते, आणि त्यात तुम्ही पटकन फिरवलं तर जास्त सरकते, सावकाश फिरवलं तर कमी. म्हणून रिंगला टेपचा तुकडा लावून दोन खुणा करा, नवरी आणि नवरा, आणि पाच वेळा जोरात जा-ये केल्यावर खुणेवर आल्यावर अजून फोकस तिथेच आहे का बघा. हलला असेल तर त्या लेन्सवर खुणा करून काम होणार नाही. काही कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ पॅनासॉनिकच्या एस मालिकेत, रिंग लिनियर (वेग काहीही असो, जितकी फिरवली तितकीच सरकणारी) करून किती अंश फिरावी ते मेनूत ठरवता येतं, तो पर्याय असेल तर आधी चालू करा आणि मगच लेन्सला नावं ठेवा.

तिसरी गोष्ट लेन्सची नाही, तुमची. फुल फ्रेमवर ८५ची लेन्स एफ १.४ वर दोन मीटरवर ठेवली तर फोकसमध्ये राहतो तो पट्टा साडेचार-पाच सेंटिमीटरचा. नाकाचा शेंडा ते डोळा यातच निम्मा गेला. होमाच्या धुरात डोळे चुरचुरत असताना, मागून कोणीतरी काका खांद्यावर हात ठेवून बाजूला सर रे म्हणत असताना तुम्ही तो पट्टा धरू शकता का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी नाही धरू शकत. २.८ वर तो दुप्पट होतो आणि मी तिथेच काम करतो, मग १.४ चे जादा पैसे कशाला भरायचे हा प्रश्न आपोआप पडतो.

ऑटोफोकसवर भरवसा असेल तर मूठभर तांदूळ घ्या. खरंच. समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावर ट्रॅकिंग लावा आणि कॅमेरा आणि चेहरा यांच्या मधून दुसऱ्या कोणाला तरी अक्षता टाकायला सांगा. काही कॅमेरा-लेन्स जोड्या चेहरा सोडत नाहीत, काही दर दुसऱ्या दाण्यामागे धावतात आणि परत यायला अर्धा सेकंद घेतात, आणि लग्नाच्या अख्ख्या व्हिडिओत तो अर्धा सेकंद नेमका कुठे येतो ते सांगायला नको. त्याचवेळी कॅमेऱ्यावरचा माइक चालू ठेवा, मोटरची कुरकुर ऐकू येते का ते पण कळून जाईल. नंतर तांदूळ झाडून घ्या, आमच्या घरी यावरून बोलणी बसली आहेत.

ऊन आणि एनडी

दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये एफ १.४ छान वाटतं, बाहेर आलात की त्याचं ओझं होतं. जुना नियम असा की लख्ख उन्हात आयएसओ १००, शटर १/१०० असेल तर एफ १६. आता आपलं शटर १/५०, म्हणजे एक स्टॉप जास्त उजेड, एक स्टॉप म्हणजे दुप्पट. लॉगमध्ये (नंतर रंग चढवायला ठेवलेलं फिकं रेकॉर्डिंग) बेस आयएसओ ८०० धरा, अजून तीन स्टॉप. एफ १६ वरून एफ २ वर आलात, अजून सहा. एकूण दहा स्टॉप कापायचे. म्हणजे एनडी (लेन्सपुढे लावायचा, उजेड कापणारा काळपट फिल्टर) १००० लागते, सहा स्टॉपवाली पुरत नाही. व्हेरिएबल एनडी शेवटापर्यंत फिरवली की फ्रेममध्ये फुलीसारखा काळा डाग येतो आणि वाइड लेन्सवर तो आधीच दिसू लागतो, म्हणून २४ वर तुमची स्वतःची एनडी लावून आकाशाकडे बघाच.

फिल्टरच्या मापाचं पण तेव्हाच बघा. कॅननच्या ईएफ ५० एफ १.८ एसटीएमला ४९ चा फिल्टर बसतो, सिग्माच्या ३५ एफ १.४ आर्टला ६७ चा. दोन लेन्स, दोन फिल्टर, आणि मधल्या वेळात नवरी गाडीत बसून गेली. एकच ८२ ची एनडी घ्या आणि सगळ्या लेन्सना स्टेप-अप रिंग (छोट्या लेन्सला मोठा फिल्टर बसवणारी) कायमच्या लावून ठेवा.

उन्हातली खरी परीक्षा माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या. दुपारी पांढऱ्या आकाशावर चुडतांच्या कडा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून. जांभळी किनार उठली तर एक स्टॉप बंद करा, परत बघा, मग अजून एक. कुठल्या आकड्याला ती जाते तो तुमच्यासाठी त्या लेन्सचा खरा अपर्चर, डबीवर काही का लिहिलेलं असेना. मिरामारला दुपारी पाण्यावरची चमक पण तेच दाखवते, पण वारा असेल तर तिथे लेन्स बदलू नका, वाळू फोकस रिंगमध्ये गेली की ती खरखर भाडेवाल्याला तुमच्याआधी कळते.

आणि एसी. हॉटेलच्या १८ डिग्रीच्या खोलीतून तडक किनाऱ्यावर आलात की काच धुक्याने भरते, पुसली तरी परत भरते. कॅमेरा बॅगेत, चेन लावून, अर्धा तास बाहेर ठेवायचा आणि मगच उघडायची. जुन्या मॅन्युअल लेन्सला आतून धुकं धरतं का, आणि जायला किती वेळ लागतो, हे टेस्टच्याच दिवशी घड्याळ लावून बघितलेलं बरं.

रात्री समई

चार्टबिर्ट कोणाकडे नसतो, माझा चार्ट म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय आणि त्याच्यापुढे समई. पाचही वाती पेटवा, खोलीतले बाकी दिवे बंद. कालनिर्णयच्या बारीक अक्षरांवर फोकस करून मधलं आणि चारही कोपरे बघा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ठीक, एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच कुठेतरी सरकलीय, परत द्या. मग समईवर या. वाती फ्रेमच्या मध्ये, मग कोपऱ्यात, मग फ्रेमच्या जरा बाहेर. उजेडाचा पडदा सगळ्या चित्रावर पसरतो का, ज्योतीचं उलटं भूत फ्रेममध्ये दुसऱ्या बाजूला तरंगतं का. मला स्वतःला थोडा पसरलेला उजेड आवडतो, देवळातल्या शूटला तर जास्तच, पण ज्योतीची हिरवी भुतं नकोत. मग फोकस नवऱ्याच्या अंतरावर नेऊन मागच्या वाती गोल दिसतात की कडेला लिंबाच्या फोडीसारख्या होतात ते बघा. हेच मोठ्या मापात बघायचं तर रात्री पणजीच्या मांडवीकाठच्या रस्त्यावर जा, कॅसिनोच्या बोटींचे दिवे पाण्यात पडलेले असतात, फुकटचा टेस्ट चार्ट.

जागेवरून आठवलं, फोंतान्याशला जाऊन टेस्ट करायची हौस सगळ्यांना असते, पण तिथे लोक राहतात, दारासमोर कॅमेरे लावून त्यांना वीट आलाय आणि तसे बोर्ड पण आहेत. आपल्याच वाड्यावर करा. आणि क्लायंटचं कमर्शियल शूट असेल तर परवानगी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवामार्फत लागते, ते काम लेन्स आणायच्या आधी.

दोन लेन्स शेजारी

आता माझं दुखणं सांगतो. बांदोड्याला एक लग्न होतं, एका ठिकाणाहून ३५ आणि ८५ भाड्याने उचलली, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, एकेक करून दोन्ही सुंदर. दोन्ही एकत्र बघितल्याच नाहीत. घरी येऊन कट मारला तर ३५ मध्ये नवरीची पिवळी साडी हळदीसारखी आणि ८५ मध्ये तीच साडी कच्च्या लिंबासारखी. व्हाइट बॅलन्स एकच होता, काचेच्या कोटिंगचा फरक. तीन रात्री ग्रेडिंगमध्ये, रंग जुळवण्यात गेल्या आणि तरी नवरीच्या आतेने टीव्हीवर बघून विचारलंच, मध्येच साडी बदलली काय रे?

म्हणून सेट घेणार असाल तर एक पिवळं कापड, एक पांढरं आणि एक माणूस सावलीत उभा करा, प्रत्येक लेन्सने तोच शॉट तेवढ्याच मापाचा, लेन्स बदलली की ट्रायपॉड मागे-पुढे. टाइमलाइनवर एकमेकाला लागून ठेवा. उजेडाचा फरक पण दिसेल, कारण एफचा आकडा भोकाचा हिशोब सांगतो, काचेतून प्रत्यक्षात किती उजेड पोचला ते टीचा आकडा सांगतो. दोन एफ १.४ लेन्सचा टी वेगवेगळा असू शकतो, सिने लेन्सवर टी १.५ किंवा टी २.१ असं लिहितात ते त्यासाठीच. बजेट कमी असेल तर मी सांगेन एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतल्या दोन साध्या लेन्स घ्या, दोन वेगळ्या घरच्या दोन भारी लेन्स नको.

गिंबलवाल्यांनी (कॅमेरा स्थिर धरणारा मोटरवाला दांडा) अजून एक करायचं, लेन्स बदलून परत बॅलन्स करायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. ती ५० एसटीएम १६० ग्रॅमची आहे आणि सिने लेन्स किलोभराची सहज असते, दरवेळी प्लेट सरकवायची. सिने मालिकेत सगळ्या लेन्सचं पुढचं तोंड आणि गिअरची जागा शक्यतो सारखी ठेवतात त्याचा खरा फायदा इथे कळतो.

सगळं झाल्यावर कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर निकाल लावू नका. पेन ड्राइव्हवर टाकून घरच्या टीव्हीला लावा, क्लायंट तसंच बघणार आहे. घरच्यांना कुठली लेन्स कुठली ते न सांगता दाखवा, माझ्या आईने एकदा महागडी सोडून पंचवीस वर्षं जुनी मॅन्युअल ५० निवडली होती, ह्यात माणसं माणसांसारखी दिसतात म्हणाली, आणि मी तीच ठेवली. पावसात ती ड्राय कॅबिनेटमध्ये ४०-५० टक्के दमटपणावर असते, बाकीचं घर बुरशीचं.

परत द्यायला जाताना पुढच्या-मागच्या कॅप मोजून घ्या, अडॅप्टर कॅमेऱ्यावरच राहिला नाही ना बघा. माझ्या ड्रॉवरमध्ये एक ७७ ची कॅप गेली चार वर्षं पडून आहे, ती कुठल्या लेन्सची आणि कोणाची ते मला अजून आठवलेलं नाही.